मधला टप्पा

यार्डात जुन्या गाड्या नऊ होत्या. त्यात फोर बाय फोर तीन. तिसरीचं मागचं दार तारेने बांधलेलं होतं, म्हणून संजीवनीने ती वहीतून खोडली. उरल्या दोन जीपा. हिरवी आखूड चेसीसची, पांढरी लांब चेसीसची.

"हिरवी," ती म्हणाली. "आमच्या वाटेला दोन वळणं आहेत. दोन्हीकडे वळायला जागा साडेअकरा मीटर. हिरवीला अकरा पुरतात, पांढरीला तेरा लागतात."

"गाडी घेताय का पेपर तपासताय, ताई?" यार्डाचा मालक हर्षद म्हणाला. पण त्याने हिरवीची चावी काढली.

संजीवनी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झाली होती आणि महाडच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत काम करत होती. घर वरंधच्या वरच्या डोंगरवाडीत. घरातली ही पहिलीच चारचाकी. खाली दुधाचे कॅन आणायचे, वर पेंडीची पोती न्यायची, एवढं तर गाडीने करायचंच होतं. घाई मात्र वडिलांसाठी होती. दिवाळीच्या आधी नाथू गुरांसाठी पाला तोडताना झाडावरून पडले. कमरेचं ऑपरेशन झालं, पण डावा पाय अंथरुणावरून उचलेना. दर आठवड्याला व्यायामाला आणा, डॉक्टर म्हणाले होते. सहा महिन्यांत जे होईल ते होईल, पुढे आशा कमी. दोनदा त्यांना डोलीतून खाली नेलं. बांबूला बांधलेली घोंगडी, चौघे खांद्याला, चौघे बदलीला. तिसऱ्या खेपेला त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "आठ जणांचा दिस मोडून मी नाय जायाचा," म्हणाले, आणि त्यानंतर गेले नाहीत.

तिची आई विठाबाई सोबत आली होती. तिने चपला काढल्या, लुगडं सावरलं आणि हिरवीत मागून चढली. दोन बाकांच्या मधे ती उताणी झोपली. हर्षद दुसरीकडे बघू लागला.

"गो, माझेच पाय मावत नाय," आतून आवाज आला. "तुझा बापूस माझ्याहून वीतभर उंच. त्याला काय घडी घालून नेशील?"

"पुढच्या सीटवर बसतील. सीट कलती करू."

"धा मिनटं बसवत नाय त्याला. वाट केवढी हाय?"

संजीवनीच्या वहीत दोन्ही गाड्यांसाठी अकरा रकाने होते. माणूस आडवा मावतो का, हा रकाना नव्हता.

विठाबाई उतरली, पांढरीत जाऊन झोपली. डोकं दाराकडे, आणि पायांपुढे चांगली जागा उरली.

"ही घे."

"आये, ही वळणार नाही. मी टेप लावून मोजलंय."

"वळवायला सांगतंय कोण? डोली कुठं वळते?" विठाबाई उठून बसली. "बांबू धा फुटाचा. वरच्या वळणावर सरळ विसाव्याच्या जागेत शिरायचं नि थांबायचं. खांद्याखालची माणसं जागच्या जागी फिरतात, डोली तशीच. मागचे होतात पुढचे. मधला टप्पा असा उलटा उतरायचा. खालच्या वळणाला परत तसंच, की पुढचे पुढं. वाडीतल्या किती बाळंतिणी अशा उतरवल्या."

संजीवनी दोन्ही वेळा डोलीमागून चालली होती. तिने सगळा वेळ वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. खांदेकऱ्यांच्या पायांकडे पाहिलंच नव्हतं.

तिने नवं पान काढलं. विसाव्याची जागा दोन्ही वळणांच्या टोकाला होती, सपाट, सहा मीटरच्या आसपास. पांढरी गाडी साडेचार मीटर. वरच्या टप्प्याला सरळ, मधल्याला रिव्हर्स, खालच्याला पुन्हा सरळ. वळायचं कुठेच नाही.

"मधल्या टप्प्यात आबांचं डोकं उताराकडे येईल."

"मग उशी कशाला हाय?"

"मावशी, रिव्हर्समध्ये डोंगर उतरायचा म्हणजे ड्रायव्हर तसा पाहिजे," हर्षद म्हणाला.

"चालवणार मी," संजीवनी म्हणाली. "पांढरीची चावी द्या."

पुढचे चार रविवार तिने नाथूंना गाडीजवळ आणलं नाही. मागे दोन बाकांच्या मधे फळी टाकली, तिच्यावर पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलं आणि मधला टप्पा उलटा उतरत राहिली. पहिल्या रविवारी पातेल्यात निम्मं पाणी उरलं. चौथ्या रविवारी वाटीभर सांडलं.

मग तिने फळीवर गादी घातली. वाडीचा सुधीर, डोलीला नेहमी पुढून खांदा देणारा, त्या दिवशी सवयीने आलाच. मधल्या टप्प्यात तो गाडीच्या मागे उलट्या पावलांनी उतरत होता.

"येऊ दे. येऊ दे. डावीकडं वाईच. हां, येऊ दे."

"सुध्या," आतून नाथू म्हणाले, "आज मोकळाच फिरतोस रं."

"पडा गप, तात्या. तुमचं वजन अजून खांद्यात हाय माझ्या."

नाथू हसले. कमरेला कळ लागली, तरी हसत राहिले. खालच्या विसाव्यात गाडी मागून शिरली, थांबली. संजीवनीने पहिला गिअर टाकला आणि महाडच्या दिशेने निघाली.

त्यानंतर एकही आठवडा चुकला नाही. बाराव्या खेपेला डॉक्टरांनी नाथूंना टेबलावर आडवं केलं, गुडघा सरळ ठेवायला सांगितला आणि कोन मोजायची पट्टी मांडीला लावली.

डावा पाय, आधाराशिवाय, बावीस अंश वर.