ऊन दाखवलेली माळ

सुमेधानं रुमालाची घडी उलगडली आणि माळ पद्मिनीकाकूंच्या पुढ्यात ठेवली.

"काकू, कॅन यू फिक्स इट? आई येतेय आज. बाबा एअरपोर्टवर गेलेत."

काकूंनी चष्मा चढवला. अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातली मराठी मुलं दर शनिवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये मणी ओवायला शिकायची. त्यांत ही सगळ्यांत नेटकी. माळ तिच्या आईची, वीणाची होती. ॲमेथिस्टच्या खड्यांचे मणी, एके काळी पिकल्या जांभळासारखे. आता त्यांतले बरेचसे पाणी जास्त झालेल्या सरबतासारखे दिसत होते.

"कुठे ठेवली होतीस गं?"

"खिडकीत, तुळशीच्या कुंडीजवळ. आई फोनवर म्हणाली ना, कपाटातल्या साड्यांना ऊन दाखव, कुबट होतात. मी माळेला पण दाखवलं. रोज. ऑल समर."

आपल्या वडिलांचं दुखणं काढायला वीणा मे महिन्यात नागपूरला गेली, ती आज परतत होती. मधल्या काळात ते गेले.

काकूंनी एक मणी चिमटीत धरला. "साड्यांना, गाद्यांना ऊन मानवतं, बाळा. हा स्फटिकाचा जातभाई. काचेवर घासलास तर काचेला ओरखडा पडेल, याला नाही. कोमट साबणाच्या पाण्यात बुचकळ, मऊ फडक्यानं पूस, तक्रार करणार नाही. पण रोजच्या उन्हात याचा रंग उडतो."

"मग तो परत येतो?"

"नाही येत."

सुमेधानं माळ जवळ ओढली. "आजोबांनी दिली होती तिला," ती म्हणाली. "शी'ज गोइंग टू क्राय."

काकूंना राहवलं नाही. खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीनं काही मण्यांवर सावली धरली होती. ते अजून गडद होते. त्यांनी कात्री घेतली, दोरा कापला आणि मणी ताटलीत ओतले.

"असं करू. गडद पुढे घेऊ, फिके मागे, केसांखाली. आज काही तिच्या लक्षात यायचं नाही." हे बोलताना त्यांनी सुमेधाकडे पाहिलं नाही.

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या. दमून येतेय बिचारी."

काकूंनी सुईत दोरा ओवला. दोन्ही बाजूंना सारखे गडद मणी लावून ठेवले. मधोमध घ्यायला त्यांनी सगळ्यांत मोठा, सगळ्यांत जांभळा मणी निवडला.

सुमेधानं तो उचलून बाजूला ठेवला. ताटलीत बोट फिरवत तिनं दुसरा शोधला, जवळजवळ पांढराच पडलेला, आणि काकूंच्या तळहातावर ठेवला.

"हा मधे घाल."

"अगं, दारातच दिसेल तिला."

"आय नो. म्हणून तर. नाहीतर मी उद्या सांगते, उद्या सांगते करत बसेन."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग सुई त्या पांढऱ्या मण्यातून ओढून घेतली, आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक गाठ मारली, जरा जास्तच घट्ट.