पन्नीतली चिमूट

डब्यातून पाचही चिठ्ठ्या निघाल्या आणि देवाजीची निघाली नाही.

खाणीच्या गेटावर रोज सकाळी ड्रायव्हरांच्या नावांचा हा डबा हलतो आणि पाच चिठ्ठ्या निघतात. ज्याची चिठ्ठी निघाली त्या ड्रायव्हरनं खिडकीवर जाऊन लघवीची टेस्ट द्यायची, बाकीच्यांनी माल घेऊन सुटायचं. गांजा, भांग, गोळ्या, सगळं पट्टीवर दिसतं. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा तेवढा तपासत नाहीत. तपासला असता तर जिल्ह्यातला एक ट्रक जागचा हलला नसता.

देवाजीनं इंजिन सुरू केलं. तेवढ्यात मागच्या ट्रकचा कुलदीप केबिनच्या पायरीवर चढला. वय पंचेचाळीस, पण खोड्या शाळकरी पोराच्या. मागच्या महिन्यात त्यानं एका नव्या ड्रायव्हरला सांगितलं होतं, टेस्टच्या आधी दोन कच्चे कांदे खाल्ले की पट्टी साफ येते. त्या बिचाऱ्यानं खात्रीसाठी चार खाल्ले. तो खिडकीतून बोलायला लागला तसं टेस्ट घेणाऱ्या संघप्रिया मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वाचला ना भाऊ," कुलदीप हळूच म्हणाला. "सकाळी माह्या पन्नीतून खर्र्याची चिमूट घेतली ना तू, त्यात भांग घोटली होती."

आणि तो देवाजीच्या तोंडाकडं पाहत थांबला. आता हा घाबरणार, थुंकणार, आपल्या सात पिढ्या काढणार, मग आपण खरं सांगू आणि दोघं पोट धरून हसू. एवढाच त्याचा बेत.

देवाजीनं शिवी दिली नाही. इंजिन बंद केलं, चाबी काढली, खाली उतरला आणि खिडकीकडं चालू लागला.

कुलदीप मागं धावला. मजाक केली, काहीच नव्हतं त्यात, हे त्यानं पन्नास पावलांत दहादा सांगितलं. पोराबाळांची शपथ घेतली. चिठ्ठीच निघाली नाही तर कोण विचारते, चूपचाप गाडी काढ, असंही सांगून पाहिलं. देवाजी न थांबता एवढंच बोलला, "आज मंगळवार होय. रस्त्यावर बाजार भरते."

संघप्रियानं फॉर्म काढला. नियम तिनं शांतपणे वाचून दाखवला. टेस्टमध्ये सापडला तर गेटपास कायमचा गेला. स्वतःहून येऊन सांगितलं आणि टेस्टमध्ये निघालं तर पंधरा दिवस गाडी नाही. कोणी खाऊ घातलं हे फॉर्मात कुठंच विचारलेलं नव्हतं. अंगात काय आहे त्याची जबाबदारी ज्याचं अंग त्याची. तरी तिनं कुलदीपकडं एक नजर टाकून विचारलंच.

"देवाजीभाऊ, दिलं कोणी?"

"देणाऱ्यानं देल्लं असन. तोंडात मीच टाकलं."

पट्टी साफ आली. कुलदीपनं टाळी वाजवली. संघप्रिया म्हणाली, भांग खाल्ली की लगेच लघवीत उतरते असं नाही, उद्या सकाळी पुन्हा टेस्ट होईल, तोवर गाडी उभी. उद्याही साफ आली तर एका दिवसाची खोटी. नाही आली तर पंधरा.

कुलदीपनं छातीवर हात ठेवला आणि सांगितलं, मॅडम, भांग नव्हती, मी लिहून देतो.

"खर्रा तुम्ही घोटला होता?"

"नाई. नाक्यावरच्या पानठेल्यातून आणला."

"घोटताना पाहिला?"

कुलदीपचा हात फुगलेल्या गालावर गेला. गालात त्याच पन्नीतला खर्रा होता.

देवाजीनं चाबी खिडकीत ठेवली आणि फॉर्मावर सही केली. दुसऱ्या ड्रायव्हरनं त्याची गाडी बाजूला काढली. तो जाऊन मोहाच्या झाडाखाली बसला.

कुलदीप मागून आला. त्यानं पन्नी पुढं केली. इकडं माफी मागायची हीच रीत, आणि पुढं केलेल्या पन्नीला कोणी नाही म्हणत नाही.

देवाजीही नाही म्हणाला नाही. त्यानं चिमूट घेतली. पण तोंडात टाकली नाही. तळहातावर ठेवली, बोटानं पसरवली, हात उन्हात धरला आणि सुपारीचा एकेक तुकडा बाजूला सारू लागला. तीस वर्षं खर्रा खाल्ला, असा पाहिला कधी नव्हता.

"काय पाहून राह्यला भाऊ?"

"पाह्यतो."

गेटावर कुलदीपच्या गाडीपुढची जागा मोकळी झाली होती. मागचे हॉर्न वाजवत होते. तो गाडीकडं गेला नाही. मग बाजूला जाऊन गालातला खर्रा थुंकला, दोनदा चूळ भरली, आणि येऊन देवाजीसमोर उकिडवा बसला.

दोन डोकी एका तळहातावर वाकली.

"भाऊ," कुलदीपनं बोट लावत हळूच विचारलं, "हे हिरवं कायचं होय?"