दुसरा ठिपका

बागेतल्या गोगलगायी मोजायची बाईंची पद्धत साधी होती. सापडेल तिच्या शंखावर पांढरा ठिपका लावायचा आणि तिला सोडून द्यायचं. आठवड्याने पुन्हा पकडायच्या. ठिपकेवाल्या किती सापडतात, त्यावरून एकूण किती असतील याचा अंदाज येतो. दुसऱ्यांदा सापडली की दुसरा ठिपका.

आज पहिल्याच गोगलगायीवर पांढऱ्याशेजारी निळा ठिपका निघाला. मग दुसरीवर, तिसरीवर. बाईंच्या पेटीत निळा रंग नव्हताच.

"माझ्या कामात लुडबुड कोण करतंय?" त्या माळ्यावर डाफरल्या.

"आईशप्पथ, मी हातसुद्धा लावला नाही!" माळ्याने कडेवरची मांजर पुढे केली. "हिच्या कानामागे पण तसलाच आहे बघा."

बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी त्याची बोटं उलटसुलट करून पाहिली. नखांत नुसती माती होती.

घरी लेक त्यांच्या केसांना तेल लावायला बसली आणि मध्येच थांबली.

"आई, मानेवर हे निळे ठिपके कसले गं?"

"ठिपके?"

"दोन आहेत. गेल्या आठवड्यात एकच होता."