हिंदीतलं नाव

हनीफने तबकडीवर सुई टेकवली, तशी नवसाबाईने दारातच रिकामी पाटी उपडी घातली आणि तिच्यावर बसकण मारली. भद्रकालीच्या बोळात हनीफचं दुकान. शिवणाची मशीनं, घड्याळं, फोनो, जे बिघडेल ते दुरुस्त करून द्यायचा. हा फोनो एका वकिलाचा. दुरुस्त होऊन पडला होता, पण वकील परगावी, म्हणून इथेच वाजत होता.

"आजच्या दिवस ऐकून घ्या, मावशी," हनीफ म्हणाला. "वकीलसाहेब आलेत. दुपारी टांगा पाठवतो म्हणालेत."

नवसाबाई पाटीवरून अर्धवट उठली. "तबकडी बी नेनार?"

"मग? तबकडी काय माझ्या अब्बाजानची आहे?"

तबकडीतली कमरजान गायला लागली. बाईचा आवाज काही फार गोड नव्हता. काकवीसारखा दाट, मध्येच खरखरीत. पण नवसाबाईला दुसरी कोणी गाणारी ठाऊक नव्हती आणि ठाऊक करून घ्यायचीही नव्हती. नदीकाठच्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकून झाली की ती तडक इकडे यायची. गाणं हिंदी, त्यातलं कळायचं एकच. कमरजान मधून मधून 'सांवरे' म्हणून अशी काही साद घालायची, की नवसाबाईच्या अंगावर काटा यायचा.

कारण तिच्या नवऱ्याचं नाव सावळीराम. आता नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, हे झालं साऱ्या गावाचं. पण नवसाबाईची सासू भलती कडक. नावच काय, नावासारखं काहीसुद्धा सुनेच्या तोंडून निघता कामा नये. त्यामुळे बिचारीला सावली म्हणायचीही चोरी. उन्हाने जीव कासावीस झाला तरी "झाडाखाली टेकते" म्हणायची. भजनात सगळ्या बाया विठोबाला सावळा म्हणायच्या, ही तेवढाच शब्द गिळायची. सासू जाऊन कैक वर्षं झाली, पण जिभेला लागलेलं वळण काही सुटेना. आणि नवरा तर तिला मनापासून आवडायचा हो. उभ्या जन्मात कधी वाकडा शब्द बोलला नाही. गुऱ्हाळावर गेला तर धोतराच्या सोग्यात हिच्यासाठी गुळाचा खडा बांधून आणणारा. आणि अशा माणसाला हाक काय मारायची, तर "अवं".

पहिल्यांदा गाणं ऐकलं तेव्हा तिने हनीफला विचारलं होतं, "ही बया कुनाला बोलावती?"

"किसनदेवाला, मावशी. देवाचं गाणं आहे."

नवसाबाईने विचार केला. एक तर देवाचं, त्यातून हिंदी. सासूला हिंदी कुठं येत होतं? म्हणजे पाप नाही. तेव्हापासून ती कमरजानच्या मागोमाग तेवढा एक शब्द म्हणून घ्यायची, अगदी हळू, ओठातल्या ओठात. तेवढ्याने तिचा दिवस गोड जायचा.

आज मात्र शेवटचं. उद्यापासून तोंडाला पुन्हा कुलूप. या विचाराने तिला राहवेना आणि ती चांगली मोठ्याने म्हणू लागली, डोळे मिटून. हनीफची एका गिऱ्हाइकाशी घड्याळावरून हुज्जत चालली होती, त्या नादात फोनोला चावी द्यायचं राहून गेलं. कमरजानचा आवाज जड झाला, घोगरा झाला आणि त्या शब्दाच्या तोंडाशी येऊन बसलाच. पण नवसाबाई आता कुठली थांबते? आणि आधाराला कमरजान नाही म्हटल्यावर हिंदीही कुठल्या कुठे पळालं.

"सावळ्याऽऽ!"

भर बोळात, एकटीचा, खणखणीत आवाज.

"ओ!"

नवसाबाईने डोळे उघडले. समोर सावळीराम. गाडी जुंपून वाट पाहून कंटाळला आणि बायकोला हुडकत इथवर आला होता. आपण ओ दिली हे त्याचं त्यालाच आत्ता उमगत होतं. नवसाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. हनीफने उगाच घड्याळात डोकं घातलं.

"म्या तुमाला नाय," ती पुटपुटली. "ते गानं व्हतं. देवाचं हाय. हिंदी हाय."

सावळीरामने तिची पाटी उचलून काखोटीला मारली आणि चालू लागला. ती मागून निघाली. हा माणूस कधी रागावत नाही, पण आज रागावला, बायकोने चारचौघांत नाव घेतलं म्हणून याची मान खाली गेली, या भीतीने ती चार पावलं मागेच राहिली.

बोळाच्या वळणावर तो थांबला. मागे मात्र पाहिलं नाही.

"आई गेल्यापासनं कुनी नावानं हाक नव्हती मारली," तो म्हणाला. "पोरं बाबा म्हनत्यात, गाव तात्या म्हनतं, तू अवं म्हनती. मपलं नाव मीच इसरलो व्हतो."

नवसाबाईचे डोळे भरून आले. "पर आता कसं म्हननार? तबकडी चालली वकिलाच्या घरी."

"जाऊ दे की. तुला तोंड नाय का?" तो खाकरला. "हिंदीत चालतंय ना? मंग हिंदीत म्हन. मी हाय हितं."

नवसाबाईने पदर सावरला. मागे पाहिलं, पुढे पाहिलं. बोळात एक शेळी सोडली तर कोणी नव्हतं.

"हिंदी नगं," ती म्हणाली. "मराठीतच म्हनते."