फॅट शून्य

आमचे सासरे दूध पिण्याआधी बाटली वाचतात. चष्मा चढवून, घसा खाकरून, प्रथिनं किती, कॅल्शियम किती, सगळं आम्हाला ऐकवतात. "फॅट शून्य" म्हणताना तर अशी मान डोलावतात, जणू ते यांनीच उपसून काढलंय.

मग सासूबाईंचा उद्धार. "तुला अक्षरं येतात, वाचता येत नाही. जन्मभर सायीचं दूध पाजलंस मला. आता बघ, घोट घेतला की जिभेलाच कळतं, किती हलकं आहे ते." चाळीस वर्षं संसार केलेली बाई यावर नुसती "हो" म्हणते.

ते उठले की सासूबाई तीच बाटली विसळतात, लेबलाला पाणी लागू न देता. मग पातेल्यातलं सायीचं दूध गाळून उद्यासाठी तिच्यात भरतात.

"एखाद्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं तर?" काल मी न राहवून विचारलं.

सासूबाईंनी झाकण घट्ट लावलं.

 

"त्या लेबलावरची तारीख गेल्या वर्षीच उलटून गेली," त्या म्हणाल्या. "आणि ते रोज वाचतात."