उंबऱ्यावरचा आवाज

बन्सीधरशेठच्या साड्यांच्या दुकानात लिंबाजी वीस वर्षं दारात उभा राहून गिऱ्हाइकाला म्हणायचा, "या पाव्हनं, पानी घ्या." चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत शेठनी टेपरेकॉर्डर आणला, हेच चार शब्द लिंबाजीकडूनच भरून घेतले आणि उंबऱ्याच्या फळीखाली बटन बसवलं. पाय पडला की आवाज. अख्ख्या परभणीत असलं दुकान दुसरं नव्हतं! मग लिंबाजीला सांगितलं, "उद्यापासून येऊ नको."

तो घरी बसला. संक्रांतीच्या आतच वारला. शेठ मातीलाही गेले नाहीत.

फाल्गुनात ताडकळसच्या बायनाबाई आल्या. टेप बोलला, "या बायनाबाई, लेकीचा बस्ता हाय ना? पानी घ्या."

"लिंबाजीमामाच्या लय ध्यानात राहतं बगा," बाई कौतुकानं म्हणाल्या.

कॅसेटमध्ये तर चारच शब्द भरले होते; शेठ उठून टेपकडं बघायला लागले. मागोमाग चारठाण्याचे किशनराव आले. त्यांनाही नावानिशी हाक मिळाली.

दुकान रिकामं होताच शेठनी कॅसेट काढली, वायर उपटली. तरी जीव थाऱ्यावर येईना. "चुकलंच माझं," ते पहिल्यांदाच स्वतःशी बोलले. लिंबाजीच्या घरी जाऊन यावं म्हणून ते बाहेर पडले आणि टोपी आत राहिली म्हणून माघारी वळले.

पायाखाली फळी दबली. रिकाम्या टेपमधून तोच मायाळू आवाज आला.

"या पाव्हनं, पानी घ्या. कोन्या गावचे तुमी?"