घडी न घालता

थोरल्या जावेनं पिवळं सुती कापड जमिनीवर अंथरलं, मधोमध घडी घातली आणि खडूसाठी हात पुढे केला. धाकटीनं खडू दिला नाही.

"आधी घडी उलगडा, ताई."

"घडी उलगडून कुणी टॉप कापतं का? घडीवर कापलं की दोन्ही बाजू सारख्या येतात."

"म्हणूनच म्हणते."

खुर्चीच्या पाठीवर काल शिवलेला निळा टॉप लटकत होता. तोही थोरलीनंच कापला होता, घडीवर, आयुष्यभर घरादाराचे कपडे कापत आली तसा. टिपा अशा सरळ, की खोट काढायला बसलेल्यानं मुकाट्यानं उठून जावं. पण धाकटीनं अंगात घातला तेव्हा तो उजवीकडे चपखल बसला आणि डावीकडे त्याला झोळ पडला. ऑपरेशनमध्ये डावा स्तन काढावा लागला, तेव्हापासून दुकानातले टॉपही तिच्या अंगावर असेच लोंबत. थोरलीनं काल तो झोळ चिमटीत धरला, सोडला आणि चहा टाकते म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

उद्यापासून धाकटी पुन्हा बेकरीत कामावर जाणार होती. भट्टीपुढे. कपाटात जुने, विटलेले टॉप होते आणि नवऱ्याचे जाड, ढगळ शर्ट. हिवाळा तिनं त्या शर्टांच्या आड काढला. आता उन्हाळ्यात ते घालून भट्टीपुढे उभं राहायचं म्हणजे पावाबरोबर आपणही भाजून निघायचं. म्हणून तिनं स्वतः जाऊन तीन पातळ कापडं आणली होती. निळं, पिवळं आणि एक बारीक फुलांचं.

"मी काय म्हणते," थोरली कापडावरची नसलेली सुरकुती हातानं सपाट करत म्हणाली, "आतून कापसाची गादी लावू. हलकीशी. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"भट्टीपुढे गादी?" धाकटी हसली. "ताई, मी पाव भाजायला चाललेय, झोपायला नाही."

थोरलीला हसू आलं नाही. "लोक बघतात गं."

"बघू देत. एकदा बघतील, दोनदा बघतील. मग पाव मागतील."

तिनं वाकून घडी उलगडली, थोरलीच्या हातात टेप दिली आणि बनियनवर तिच्यापुढे ताठ उभी राहिली.

"घ्या माप. उजवीकडचं वेगळं, डावीकडचं वेगळं."

उजवीकडचं माप झटकन झालं. डावीकडे थोरलीचा हात अडला.

"दुखतं का गं?"

"नाही. गुदगुल्या होतात. ओढून धरा जरा, सैल धरलंत तर परत झोळ."

थोरलीनं टेप ओढून धरली. मग गुडघ्यांवर बसून ती पसरलेल्या कापडावर रेघा आखू लागली. उजवी रेघ तिच्या हाताला पाठ होती, गोलाई घेऊन उतरली. डावी मात्र काखेपासून सरळच खाली आली. दोन रेघांकडे बघत ती कात्री हातात धरून थांबली.

"कापल्यावर मग हे जुळवता यायचं नाही हं."

"जुळवायचंय कशाला? कापा तुम्ही."

कात्री चालू झाली. एवढ्यात दारातून धाकटीच्या नवऱ्यानं आत डोकावलं.

"माझे शर्ट मला परत मिळणार आहेत का? दोनच उरलेत. ऑफिसात लोक विचारायला लागलेत, तुझ्याकडे एवढेच आहेत का म्हणून."

"मिळतील," धाकटी म्हणाली. "चौकड्याचा सोडून. त्याची बटणं मी खांद्याला लावायला काढून घेतलीत."

"विचारलंस का मला?"

"आता सांगितलं ना."

तो हसत निघून गेला. थोरलीच्या ओठांचा कोपराही हलला, पण तिनं मान वर केली नाही.

दुपार कलली तेव्हा शेवटची टीप पडली. धाकटीनं टॉप घातला, खांद्याची बटणं लावली आणि आरशासमोर उभी राहिली. डावीकडे कापड अंगालगत सपाट उतरलं होतं. थोरली तिच्याभोवती एक फेरी मारून आली. मुंढा ओढून पाहिला, खालची किनार ओढून पाहिली. दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना, तशी ती हळूच म्हणाली, "या बाजूला एखादा खिसा लावू का? म्हणजे जरा... भरल्यासारखं."

धाकटीनं आरशातच तिच्याकडे पाहिलं. मग ती दाराशी गेली आणि खिळ्यावरची बेकरीची चावी काढून आणली. पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन कुलूप उघडायचं काम पूर्वीपासून तिचंच. मालकिणीनं कालच चावी परत पाठवली होती.

"लावा," ती म्हणाली. "पूर्वी इथं खिसा कधी धड बसलाच नाही. वाकलं की चावी बाहेर."

तिनं चावी डाव्या छातीवर ठेवली आणि तळव्यानं दाबून धरली.

"आता बसेल. एवढा करा. चावीपुरता."

 थोरलीनं खडू घेतला आणि चावीभोवती चौकोन आखला. आणि खुर्चीवरचा निळा टॉप मांडीवर ओढून घेऊन त्याची डावी टीप उसवायला बसली.